गढूळ पाण्याचे हक्कदार : पैनगंगेकाठची शरदातील मासेमारी

१/
महाराष्ट्रातील मासेमारीचा इतिहास म्हटला की कोळीवाडे, गलबते आणि खारे वारे डोळ्यांसमोर येतात. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वाशिमचे नाव त्यात कोणी घेत नाही. तरीही या जिल्ह्यातील नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जाळे पडत आले. त्या मासेमारीचा एक महत्त्वाचा हंगाम म्हणजे पावसाळा सरतानाचे, अजून न निवळलेले पाणी. या गढूळ पाण्यातील मासा कोणाचा, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
प्रथम भूगोल. वाशिम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर वसला आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाऊन पूर्णेला आणि पूर्णेवाटे तापीला मिळते. तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. पूस, अरुणावती आणि अडाण या नद्या पैनगंगेच्या कुळातील. पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत विसर्जित होते. एकाच जिल्ह्यात पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन वेगवेगळ्या समुद्रांना जाऊन मिळतात.

३/
माथ्यावरच्या नद्यांचा स्वभाव उथळ आणि चंचल असतो. वर्षाचे बहुतेक पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वाहून जाते आणि उन्हाळ्यात नदी म्हणजे डोहांची तुटक माळ उरते. शिवाय ही काळ्या मातीची भूमी आहे. या मातीतील चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म असतात की ते लवकर तळाशी बसत नाहीत. एकमेकांना दूर लोटत ते पाण्यात तरंगत राहतात. म्हणून पूर ओसरला तरी पाण्याचा रंग पुष्कळ दिवस चहासारखा राहतो.

४/
आपल्या परंपरेने या निवळण्याची दखल फार पूर्वी घेतली आहे. भाद्रपदात अगस्त्य तारा उगवला की पाणी निर्मळ होते, हा संकेत संस्कृत काव्यात सर्वत्र आढळतो. घरातील गढूळ पाण्यासाठी निवळीचे बी उगाळून घालण्याची रीत होती. त्या बीमुळे मातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. कवीने शरदाचे स्वच्छ जळ वर्णिले. मासेमाराचे लक्ष मात्र त्याच्या आधीच्या काही आठवड्यांवर होते.

५/
त्याचे कारण माशाच्या जीवनक्रमात आहे. पहिल्या जोरदार पावसाबरोबर अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ओढ्यांत आणि पाणी भरलेल्या शेतांत शिरतात. महाराष्ट्रात यांना ‘चढणीचे मासे’ आणि कोकणात ‘वलगणीचे मासे’ म्हणतात. ही चढण सर्वांना ठाऊक असते. परतीची वाट तेवढी प्रसिद्ध नाही. भाद्रपद-आश्विनात पाणी उतरू लागले की मोठे मासे आणि त्या वर्षाची वाढलेली पिले ओढ्यांतून नदीकडे आणि नदीतून डोहांकडे सरकतात.

६/
या परतीच्या वाटेवर सापळा लावणे हे जुने कौशल्य. ओढ्याच्या तोंडाशी दगडांचा तिरपा बांध घालून प्रवाह एका अरुंद फटीकडे वळवायचा आणि त्या फटीत बांबूच्या कामट्यांचा विणलेला सापळा ठेवायचा. त्याच्या तोंडाशी कामट्यांची टोके आत वळवलेली असतात. मासा सहज आत जातो, पण परतताना तीच टोके आडवी येतात. पाणी गढूळ असल्यामुळे माशाला बांधही दिसत नाही आणि सापळाही. पाणी निवळले की ही युक्ती बरीचशी निष्प्रभ होते.

७/
गळाचेही तसेच. गढूळ पाण्यात डोळ्यांनी शिकार करणारा मासा हतबल होतो, तर मिशांनी चाचपणारा आणि वास घेणारा मासा निर्धास्त फिरतो. शिंगटी, शिंगाळा हे मिशाळ मासे अशा पाण्यात गांडुळाला किंवा वासाच्या पिठाच्या गोळीला धावतात. वामही तळाशी हुंगत फिरते. मरळ मात्र नजरेचा शिकारी. त्याच्यासाठी पाणी निवळण्याची वाट पाहणे श्रेयस्कर. कोणत्या रंगाच्या पाण्यात कोणता मासा लागेल, हे ज्ञान कोणत्याही पोथीत लिहिलेले नसले तरी ते एक शास्त्रच होते.

८/
हेच शास्त्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही आढळते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यात शरद ऋतूच्या पावसाने नद्या फुगल्या की कोहो जातीचा सॅमन समुद्रातून नदीत शिरतो. सुमारे दीड वर्ष गोड्या पाण्यात आणि तितकाच काळ समुद्रात काढून तो जन्मस्थळी परततो, अंडी घालतो आणि मरतो. पाणी गढूळ असेल तर तेथील गळकरीही चमकदार तबकडी किंवा वासाची गाबोळी वापरतात. फरक एवढाच की तेथे शरद ही चढणीची वेळ, तर आपल्याकडे उतरणीची.

९/
दख्खनमध्ये गळ टाकण्याच्या कलेवर लिखाणच झाले नाही, असे मात्र नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा विश्वकोशसदृश संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. समुद्रातील व नदीतील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे माशांचे वर्गीकरण, कोणत्या माशाला कोणते खाद्य द्यावे, दोरी आणि गळ कसा असावा, याचे तपशील त्यात येतात. विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

१०/
परंतु तो राजाचा विनोद होता. पोटासाठी पाण्यात उतरणारे लोक वेगळे होते. विदर्भात भोई, ढीमर (धीवर) आणि कहार या समाजांचा हा परंपरागत व्यवसाय. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात ही नावे एकमेकांशी जोडलेली दिसतात. मासेमारी, पालखी वाहणे, पाणी भरणे, तळ्यात शिंगाडे लावणे ही कामे त्यांच्याकडे होती. उन्हाळ्यात नदीचे पात्र उघडे पडले की त्याच वाळूत टरबूज-खरबुजांची वाडी उभी राही.

११/
म्हणजे या समाजाचे सारे वर्ष पाण्याच्या पातळीवर बेतलेले होते. पूर आला की नावेचे काम, पूर ओसरला की सापळे, पाणी निवळले की फेकजाळे, डोह उरले की ओढजाळे, वाळू उघडी पडली की वाडी. शेतकऱ्याचे पंचांग आकाशाकडे पाहून ठरे. यांचे पंचांग नदीकडे पाहून. वर्षातील एक टप्पा जरी हुकला तरी पुढचे गणित बिघडावे, अशी ही रचना होती.

१२/
वाशिमला लिखित इतिहासाची कमतरता नाही. हेच प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा येथे मिळालेला ताम्रपट हा वाकाटक इतिहासाचा एक आधारस्तंभ मानला जातो. भूमी कोणाला दिली, हे तांब्यावर कोरून ठेवण्याची प्रथा येथे दीड हजार वर्षांहून जुनी आहे. नदीवरील जाळ्याचा हक्क मात्र रूढीच्या आधारावर, माणसांच्या स्मरणात चालत आला. ज्याला लेख नाही तो हक्क किती टिकतो, हे पुढच्या काळात दिसले.

१३/
मे १८५३ मध्ये निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला आणि वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च आणि निजामावरील कर्ज हा त्या तहाचा विषय. या व्यवस्थेत बऱ्याच अंतरापर्यंत पैनगंगा ही सीमारेषा बनली. उत्तर काठ इंग्रजी अंमलाखालील वऱ्हाडात, दक्षिण काठ निजामाच्या मुलखात. मासा दोन्ही काठांना सारखाच फिरत होता. जाळे टाकणाऱ्याला मात्र आता दोन सरकारे झाली.

१४/
वऱ्हाडात इंग्रजांनी रयतवारी पद्धत लावली. शेताची मोजणी झाली, शेतकऱ्याच्या नावाची नोंद झाली, सारा ठरला. ज्याच्या हाती नांगर, त्याचे नाव कागदावर आले. नदीचे पात्र सरकारी मालकीचे राहिले आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्याचे नाव कोणत्याही सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर चढले नाही. कोणी त्याला हुसकावले असे नव्हे; पण हक्काऐवजी त्याच्याजवळ केवळ वहिवाट उरली.

१५/
याच शतकात माशांची मात्र नोंद झाली. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनमधील मासे जमवून १८३९ च्या सुमारास त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्याचे क्षेत्र वाशिमच्या पश्चिमेस, मुख्यतः भीमेच्या खोऱ्यात. नावे देताना त्याने स्थानिक मराठी नावेच लॅटिन साच्यात बसवली. ‘तोर खुद्री’, ‘मिस्टस सींगती’, ‘रिटा गोग्रा’, ‘हिप्सेलोबार्बस कोलस’ ही आजही जगभर मान्य असलेली नावे आहेत. खडशी, शिंगटी, गोगरा, कोळस हे उच्चार ज्यांनी त्याला सांगितले, त्यांची नावे मात्र कोठेही उरली नाहीत.

१६/
पुढे प्रश्न आला नद्यांतील मासे घटल्याचा. मद्रास लष्करातील शल्यचिकित्सक फ्रान्सिस डे याने १८७३ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवर अहवाल दिला. बारीक आसाची जाळी, पिलांची लूट, स्थिर सापळे आणि विषप्रयोग यांवर त्याचा रोख होता. परंतु डे याने आणखी एक गोष्ट पाहिली होती. मद्रासकडील पाटबंधाऱ्यांचे बांध माशांची वाट अडवतात, म्हणून त्यांत माशांसाठी मार्ग ठेवावा, हे त्याने आधीच सुचवले होते.

१७/
त्याच १८७३ साली हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक निघाले. दक्षिण कानड्यात कलेक्टर राहिलेला हा गृहस्थ महसीर माशाचा भक्त होता आणि त्याच्या मते झुंजीत महसीर सॅमनलाही भारी होता. गोऱ्या गळकऱ्यांच्या दृष्टीने आपल्या नद्यांतील मासा हा हळूहळू ‘खेळाचा’ मासा होऊ लागला. पोटासाठी मारलेला मासा ही नासाडी आणि हौसेसाठी मारलेला मासा हा पराक्रम, अशी विभागणी त्या काळच्या लिखाणात डोकावते.

१८/
या चर्चेतून १८९७ चा हिंदुस्थानी मत्स्य कायदा आला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरला. ठरावीक पाण्यांत स्थिर सापळे, अडसर आणि जाळ्यांचे आस यांवर नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. कायद्याचा हेतू रास्त होता. गेळफळ किंवा हिंगणबेटाचा चेचा टाकून डोहातील मासे झिंगवण्याची रीत खरोखरच होती आणि तिच्यात लहानमोठ्या सर्वच माशांचा संहार होई.

१९/
तरी कायद्याचा तोल पाहण्यासारखा आहे. ओढ्याच्या तोंडावरील बांबूचा सापळा त्याच्या कक्षेत आला. नदी आडवी अडवणाऱ्या दगडी धरणाने मासा थांबतो, त्याचे उत्तर त्यात नव्हते. गोदावरीवर धवलेश्वरम येथील बांध १८५२ सालीच पूर्ण झाला होता आणि समुद्रातून चढणाऱ्या पल्ल्यासारख्या माशांची वाट तेथे अडली होती. लहान अडथळा घालणारा दोषी ठरू शकत होता. मोठा अडथळा घालणारे मात्र सरकार स्वतःच होते.

२०/
यानंतर वाशिमच्या नशिबी सीमा बदलणे आले. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ साली जुना वाशिम जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ यांत वाटले गेले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये वाशिमलगतच्या पैनगंगेचे दोन्ही काठ एकाच राज्यात आले आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. येथे राज्याची सीमा म्हणून नदी पुसली गेली. पण नदीच्या आत नव्या भिंती उभ्या राहत होत्या.

२१/
१९७० च्या दशकापासून या खोऱ्यांत धरणे झाली: पूस, अडाण, काटेपूर्णा, पुढे पैनगंगेवर इसापूर, नंतर अरुणावती. शेतीला आणि शहरांना त्यांनी जीवन दिले, हे निर्विवाद. मासेमारीचे स्वरूप मात्र मुळातून बदलले. वाहत्या नदीच्या जागी साठलेला जलाशय आला. वहिवाटीच्या जागी ठेका आला: जलाशयातील मासेमारीचा हक्क रक्कम भरून, मुदतीने, सहकारी संस्थेमार्फत घ्यायचा. पूर्वी न मागता मिळणारे आता अर्ज करून मिळू लागले. आणि ज्याचा अर्ज नाही तो आपल्याच काठावर परका ठरू लागला.

२२/
मासाही बदलला. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काने भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे कटला, रोहू, मृगळ यांचे बीज हवे तितके तयार करता येऊ लागले आणि तेच गावोगावच्या जलाशयांत सोडले गेले. अन्नाच्या दृष्टीने ही मोठी झेप होती. पण बीज विकत आणून सोडलेल्या माशाला चढण नको आणि उतरणही नको. त्याच्यासाठी भाद्रपदाचा ओढा वाचता येण्याची गरज उरली नाही.

२३/
एकविसाव्या शतकात जिल्ह्याचा सिंचन अनुशेष भरून काढण्यासाठी पैनगंगेवर बॅरेजची मालिका उभी राहिली. अशा बंधाऱ्यांची दारे पावसाळ्यात उघडी असतात आणि पावसाळा सरता सरता, उरलेले पाणी अडवण्यासाठी, खाली सोडली जातात. शेतीच्या हिशोबाने हे अचूक आहे. परंतु मासे डोहांकडे परततात ते नेमके याच आठवड्यांत. गढूळ पाण्याचा जो काळ मासेमाराचा होता, तोच काळ आता दारे बंद करण्याचा झाला.

२४/
येथे पुन्हा वॉशिंग्टन राज्याकडे पाहणे उपयुक्त ठरते. वऱ्हाडच्या तहानंतर वर्ष-दोन वर्षांतच, १८५४-५५ मध्ये, तेथील गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याने मूळ रहिवासी जमातींशी तह केले. जमिनी गेल्या, पण आपल्या नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा जमातींचा हक्क त्या तहांत लिहिला गेला. तो हक्क पुढे शतकभर पायदळी तुडवला गेला. नदीत जाळे टाकले म्हणून जमातीच्या माणसांना अटक होत राहिली. तरी कागद शिल्लक होता.

२५/
१२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी त्याच कागदाच्या आधारे निकाल दिला की धरण्याजोग्या सॅमनपैकी निम्म्यापर्यंत वाटा या जमातींचा आहे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यत्वे कायम केला. २०१८ मध्ये त्याच हक्कापोटी, माशांची वाट अडवणाऱ्या रस्त्यांखालील मोऱ्या बदलण्याचे बंधन राज्यावर कायम राहिले. एल्वा नदीवरील दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली आणि कोहो वरच्या पात्रात परतू लागला. मासा धरण्याच्या हक्कात माशाची वाट मोकळी राहणेही येते, हा विचार तेथे न्यायालयापर्यंत पोहोचला.

२६/
दोन्ही तह एकाच दशकातले. एकात मासेमाराचे वाक्य होते, दुसऱ्यात नव्हते. म्हणून पैनगंगेवरील धरणे पाडावीत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. दुष्काळ पाहिलेल्या भूमीला साठलेल्या पाण्याचे मोल ठाऊक आहे. पण दारे केव्हा आणि कशी बंद करावीत, माशांसाठी वाट ठेवता येईल का, ठेका ठरवताना काठावरच्या परंपरागत मासेमाराला प्रथम विचारले जावे का, हे प्रश्न तांत्रिक वाटले तरी मुळात हक्काचे आहेत. फ्रान्सिस डे याने माशांच्या वाटेचा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच मांडला होता.

२७/
कोणत्या रंगाच्या पाण्यात कोणता मासा लागेल, हे सांगणारी माणसे अजूनही या काठांवर आहेत. साइक्सच्या काळात अशाच माणसांनी सांगितलेले उच्चार शास्त्रात अमर झाले आणि सांगणारे विस्मृतीत गेले. या वेळी नोंद करायची झाली तर ती माशांच्या नावांपुरती नको. ओढा कोणता, सापळा कोठे लागत असे, मासे कोणत्या पंधरवड्यात उतरत, आणि ते पाणी कोणाच्या वहिवाटीचे होते, हेही लिहिले जावे. पैनगंगेकाठच्या मासेमाराच्या हक्काचा तोच पहिला कागद ठरेल.